दोनशे वीस मिनिटे

१ सप्टेंबर, सोमवार

कामाच्या फाईलीत जे लिहिता येणार नाही त्यासाठी आज ही वही विकत आणली. आजवर अशी गरज पडली नव्हती.

काम असे आहे. संस्था नव्या इमारतीत जाणार. जुन्या इमारतीत एकवीस प्रयोगशाळा आहेत, नव्या इमारतीत जागा पंधरांना. उरलेल्या सहा बंद होतील आणि त्यांची यंत्रे मोडीत निघतील. कोण राहणार, कोण जाणार हे बाहेरून येणारी समिती चोवीस तारखेला ठरवील. समितीला प्रत्येक शास्त्रज्ञाचा एकपानी तक्ता हवा आहे: किती शोधनिबंध लिहिले, जगभरच्या इतर संशोधकांनी आपल्या निबंधांत त्यांचा किती वेळा संदर्भ दिला, आणि या दोन्हींवरून निघणारा निर्देशांक. निर्देशांक सात म्हणजे त्या माणसाचे सात निबंध असे आहेत की प्रत्येकाचा संदर्भ निदान सात वेळा दिला गेला. बाराच्या खाली असलेल्यांनी आशा ठेवू नये. तक्ते मी करायचे.

यादीत सतरावा क्रमांक भट्टीच्या खोलीचा आहे. त्या खोलीची प्रमुख माझी आई. तिच्या निवृत्तीला तीन वर्षे आहेत.

मूल्यमापन कक्षात आम्ही दोघेच, साहेब आणि मी. दहा वाजून पाच मिनिटांनी मी साहेबांना लेखी कळवले की क्रमांक सतरा माझी आई आहे, तो तक्ता दुसऱ्या कोणाकडे द्यावा. त्यांनी कागद वाचला, दोन भोके पाडली आणि फाईलला लावला.

"लागला फाईलला. करा सुरुवात."

"साहेब, सतरावा तक्ता..."

"दुसरं आहे कोण इथं? मी करायला घेतला तर पासवर्ड आठवण्यातच आठवडा जाईल. आणि तुम्ही आईला झुकतं माप द्याल असं मला मुळीच वाटत नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "मला काळजी वाटते ती बाईंचीच."

हे कौतुक होते की टोमणा, ते ठरवता आले नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

क्रमांक सतरा. निबंध १९. संदर्भ २१२. निर्देशांक ७. शेवटचा निबंध सहा वर्षांपूर्वीचा.

तुलनेसाठी क्रमांक सोळा: निबंध १६४, संदर्भ ५,९००, निर्देशांक ३८.

दोनदा मोजले. सात म्हणजे सातच.

मला आश्चर्य वाटले नाही, हेही लिहून ठेवायला हवे. मी अडीच वर्षांची असताना बाबा गेले. त्यानंतर आईला मी एक गोष्ट नेमाने करताना पाहिली आहे: अर्ध्यातून उठणे. चर्चासत्रातून उठायची, बैठकीतून उठायची, बाहेरगावच्या परिषदांना तर गेलीच नाही. हातात कसब होते, भूक नव्हती, असे माझे मत आहे. संस्थेतली जुनी माणसे तिला अजून 'घड्याळबाई' म्हणतात. वक्तशीरपणामुळे असावे.

जेवताना तिने काही विचारले नाही, मी काही सांगितले नाही. आमच्या घरात हे अवघड जात नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

निबंधांची यादी त्या त्या शास्त्रज्ञाला दाखवून सही घ्यावी लागते. भट्टीच्या खोलीत गेले. शाळेत असताना रोज जायचे, त्यानंतर फारशी गेलेली नाही.

खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. भट्टी छातीइतकी उंच, विटांची, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. दाराच्या मुठीचा रंग जिथे हात पडतो तेवढ्याच जागी गेला आहे. समोर भिंतीवर घड्याळ. खिडकीबाहेर कुंपण आणि त्यापलीकडे बालवाडीची पाठमोरी भिंत. मी त्याच बालवाडीत होते. खिडकीतून ती वीस पावलांवर दिसते, पण फाटक पलीकडच्या रस्त्याला असल्यामुळे सगळा वळसा घालून जावे लागते. बाराला शाळा सुटली तेव्हा असा कल्ला झाला की मला यादी ओरडून वाचावी लागली.

आईने एकोणीस ओळींवरून बोट फिरवले. "बरोबर आहे."

"काही राहिलं?"

"एक दोन पानी टिपण होतं, आपल्याच वार्तापत्रात. तुमच्या संगणकाला त्याचा पत्ता नसणार. राहू दे ते."

भट्टी सांभाळणारे मेस्त्री मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतात. ते मुशी पुसत होते. मूस म्हणजे पूड भाजायची चिनी मातीची वाटी.

"छोटीबाई, तक्त्यात आमच्या भट्टीचाही आकडा घाला की. सत्तावीस वर्षांत एक दिवस रुसली नाही ती."

"भट्टीसाठी रकाना नाही, मेस्त्री."

"मग तक्ताच अर्धा आहे तुमचा."

आई हसली आणि सही केली. तिच्या नखांत पांढरी पूड होती. ती नेहमीच असते.

८ सप्टेंबर, सोमवार

'राहू दे' म्हटलेली गोष्ट मला राहू देता येत नाही. ग्रंथालयाच्या तळघरातून चोवीस वर्षांपूर्वीचे वार्तापत्र काढून घेतले. खरोखर दोनच पाने. भाषा पाककृतीसारखी, एक शब्द जास्तीचा नाही.

साबणासारख्या रेणूंच्या काड्यांभोवती सिलिकाचे कवच धरू द्यायचे. ती पूड मुशीत घालून ५४० अंशांवर भाजायची. आतला साबण जळून जातो आणि त्याच्या जागी रिकाम्या नळ्या उरतात, सगळ्या एका मापाच्या, केसाच्या जाडीच्या पंचवीस हजाराव्या भागाइतक्या. चमचाभर पुडीच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर आठशे चौरस मीटर भरतात. म्हणजे बालवाडीचे सबंध मैदान एका चमच्यात. हे मी पदवीला शिकले होते. आईने केले आहे हे मला कोणी सांगितले नव्हते. तिनेही.

शेवटची ओळ: भाजणीची वेळ २२० मिनिटे.

वार्तापत्र कुठल्याही सूचीत नाही. त्यामुळे या टिपणाचे संदर्भ शून्य. ते तक्त्यात येऊ शकत नाही. नियम स्पष्ट आहे आणि मला तो पटतो.

दुपारी क्रमांक सोळाचे निबंध तपासत होते. त्यांच्या अकराव्या निबंधात पूड भाजली आहे. ५४० अंश, २२० मिनिटे. त्यांनी ही पद्धत दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेच्या निबंधातून घेतली आहे. तो काढून पाहिला. या विषयातला तो सर्वांत गाजलेला निबंध, संदर्भ ६,४००. तिथेही ५४० आणि २२०. शेवटी आभारांत बारीक अक्षरांत एक वाक्य: 'भाजणी प्रत्यक्ष दाखवल्याबद्दल भट्टीच्या खोलीचे आभार.' खाली आमच्या संस्थेचे नाव. माणसाचे नाव नाही. आभारांतले वाक्य संदर्भ म्हणून मोजले जात नाही.



९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी चहा गाळताना विचारले.

"आई, त्या मोठ्या प्रयोगशाळेतून कोणी आलं होतं का तुझ्याकडे?"

"दोघं आले होते. पंधरा दिवस राहिले. एक खांबासारखा उंच, दुसरा सारखा शिंकायचा. पूड जवळ आणायची सोय नव्हती."

"आणि तू त्यांना सगळं दाखवलंस?"

"विचारलं, दाखवलं. मग काय दार लावून घ्यायचं?"

"त्यांनी तुझं नावसुद्धा लिहिलं नाही."

"खोलीचं लिहिलं ना. खोलीनंच तर भाजलं."

"आणि दोनशे वीस मिनिटंच का?"

"तेवढं पुरतं." तिने गॅस बंद केला. "तुझा चहा निवतोय."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज जे पाहिले ते आधी कोरडेपणाने लिहिते.

आमच्याकडे सच्छिद्र पुडींवरचे एकतीस हजार निबंध संपूर्ण मजकुरासह आहेत. प्रत्येकातून भाजणीची वेळ शोधून काढायचा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि आलेख काढला. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर निबंधांची संख्या. माणसे गोल आकडे निवडतात, त्यामुळे तीन तास, चार तास, पाच, सहा, असे मनोरे उभे राहिले. मधल्या जागा रिकाम्या. अर्ध्या तासांवर थोडी खुरटी झाडे.

आणि तीन तास व चार तास यांच्यामध्ये एक सरळ काडी. दुसरे काही नाही तिथे. दोनशे वीस. उंची १,१४७.

प्रोग्रॅममध्ये चूक असेल म्हणून साठ निबंध हाताने उघडून पाहिले. चूक नाही. गढूळ पाणी गाळायची चाळणी. हाडाची भेग भरायचा लेप. गळणारा वायू हुंगणारी पट्टी. चष्म्यावर वाफ धरू नये म्हणून काचेला द्यायचा थर. कुठली कुठली गावे, नकाशात शोधावी लागतील अशी. सगळ्यांनी मूस आत ठेवली आणि तीन तास चाळीस मिनिटे थांबले. एकानेही आईचे नाव घेतलेले नाही. बहुतेकांनी त्या मोठ्या प्रयोगशाळेचेही नाही. गुरूने विद्यार्थ्याला सांगितले असेल, त्याने पुढच्याला.

त्या काडीकडे किती वेळ बघत होते ते मोजलेले नाही. साहेब दारातून म्हणाले, "काय हो, संगणक बंद पडला की तुम्ही?"

मी नेहमी समजत आले की संशोधन नावांवर चालते. नाव, वर्ष, पान. नाव गळून पडल्यावरही वस्तू इतकी दूर चालत जाते, कोणी ढकलत नसताना, हे मला माहीत नव्हते. आज रस्त्याने घरी येताना प्रत्येक दुकानाच्या काचेकडे पाहत होते. यातल्या कशात असेल?

१५ सप्टेंबर, सोमवार

शनिवारी-रविवारी शंका आली, आणि ती रास्त आहे. दोनशे वीस मिनिटे ही खरोखर सर्वांत चांगली वेळ असेल, तर हजार प्रयोगशाळा आपापल्या प्रयोगांतून तिथे पोचू शकतात. मग त्या काडीचा आईशी संबंध लावणे हा लेकीचा भाबडेपणा ठरेल.

तपासायचा मार्ग एकच. तीच पूड वेगवेगळा वेळ भाजून बघायची: १८०, २२०, २४०, ३००, ३६० मिनिटे. आईला विचारले. "कर. मुशी स्वच्छ ठेव," एवढेच म्हणाली.

२२० कुठून आले असेल, याबद्दल माझे तीन अंदाज. एक, भट्टीचा तापमापक ५४० वर उशिरा पोचत असेल. दोन, साबण पूर्ण जळायला नेमका तेवढा वेळ लागत असेल. तीन, त्या काळी विजेचे वेळापत्रक. आईची चोवीस वर्षांपूर्वीची नोंदवही मेस्त्रींकडून घेतली. रोजची एकच नोंद: आत ८.१०, बाहेर ११.५०. सोमवार ते शुक्रवार, एक मिनिट इकडेतिकडे नाही. शनिवारी काही नाही. उन्हाळ्यात सलग सहा आठवडे पाने कोरी. भट्टी दुरुस्तीला गेली असावी. नोव्हेंबरात मध्येच चार दिवस कोरे, समासात फक्त 'ताप'. भट्टीचे तापमान बिघडले असावे.

मेस्त्रींना विचारले, "उन्हाळ्यात भट्टी बिघडली होती का हो?"

"ही? कधीच नाही," ते दुखावून म्हणाले.

मग विजेचा अंदाज जास्त बरोबर.

१८ सप्टेंबर, गुरुवार

चार दिवस भट्टीपाशी होते. मूस आत ठेवायची आणि काढायची, दोन्ही मी. मेस्त्री मागे उभे राहून सूचना देत. "चेहरा मागे. आता श्वास धरा. हं, सोडा."

दार उघडले की आधी प्रकाश येतो, उष्णता नंतर. आतल्या विटा अंधुक लाल असतात, जवळजवळ नसल्यासारख्या, आणि त्यांच्यामध्ये मूस तशीच पांढरी बसलेली. आत जाताना पूड पिवळट आणि चिकट असते, मध्ये काही वेळ काळी पडते, बाहेर येते तेव्हा पहिल्या हिमासारखी. हलवली तर आवाज करत नाही. मी रसायनशास्त्रात सहा वर्षे घालवली आणि हे प्रत्यक्ष पाहिले नव्हते. आम्हाला पूड डबीत मिळायची.

आई तिच्या टेबलाशी लिहीत होती. एकदाच मान वर करून म्हणाली, "मनगट खाली. पूड उडेल." मनगट खाली घेतले. पूड उडाली नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मोजमापे आली. एका ग्रॅममागे आतल्या भिंतींचे क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये: १८० मिनिटांना ८०३, २२० ला ८०६, २४० ला ८०१, ३०० ला ८०५, ३६० ला ८०४. यंत्राची चूक दहापर्यंत असते. म्हणजे काहीही फरक नाही.

दोनशे विसाला काही कारण नाही. चालले असते तीन तास, चालले असते सहा.

आणि म्हणूनच तो पुरावा आहे. कारण असते तर कोणीही शोधून काढले असते. कारण नसलेला आकडा कोणी शोधून काढत नाही, तो कोणाकडून तरी घ्यावाच लागतो. एखाद्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या डाव्या कानामागे तीळ असावा तसा.

आणखी एक सापडले. एका गटाने २२० मिनिटांचे तास करताना ३.७ असे लिहिले. पुढच्यांनी त्याची पुन्हा मिनिटे केली, ती झाली २२२. आता २२२ मिनिटे भाजणारे एकसष्ट निबंध आहेत, सगळे त्या गटाच्या शिष्यांचे, शिष्यांच्या शिष्यांचे. त्या दोन जास्तीच्या मिनिटांची एक वेगळी शाखा वाढते आहे. हे पाहून मी उठले आणि पाणी प्यायले. एवढे मोठे झाड, आणि मूळ आमच्या तळमजल्यावर.

२१ सप्टेंबर, रविवार

आईला आलेख दाखवला. बराच वेळ पाहिला तिने. मग काडीवर बोट ठेवले, अलगद, मूस गरम आहे का बघतात तसे.

"एवढे?"

"एवढे. तक्त्याला जोडणार आहे. टीप म्हणून."

"नको. माझा आकडा सात आहे ना? सात लिही."

"सात लिहिलाच आहे. तुला खोली नको आहे का?"

"हवी आहे गं. पण मागून नको."

"मी मागत नाही आहे. मोजते आहे."

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "लोक विचारतील दोनशे वीसच का म्हणून. काय सांगशील?"

"कारण माहीत नाही, असं. तू सांगितलंस तर ते लिहीन."

"काही शास्त्रीय कारण नाही त्याला."

"मग अशास्त्रीय सांग."

"टॉवेल दे तो," ती म्हणाली.

तीन वर्षांनी निवृत्त होणाऱ्या बाईला भट्टी विझायच्या आधी तीन वर्षे का हवीत, हे मला ती कधी सांगणार नाही. पण त्या मुठीचा गेलेला रंग मी पाहिला आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

समिती आली. तिघे. अध्यक्ष पदार्थविज्ञानातले ज्येष्ठ, गळ्यात दोरी बांधलेला चष्मा. एकेक तक्ता दोन मिनिटांत खाली ठेवत होते. सतरा आला. "सात," असे म्हणून ठेवू लागले, तेवढ्यात टीप दिसली. आलेख उलगडला. चष्मा चढवला.

"हे कोणी काढलं?"

"मी. आणि क्रमांक सतरा माझी आई आहे. तसं पत्र फाईलला लावलेलं आहे."

साहेबांनी फाईल उघडून दोन भोकांचा तो कागद असा दाखवला, जणू तो जपून ठेवण्यासाठीच त्यांचा जन्म होता.

अध्यक्षांनी पाच मोजमापांचा तक्ता वाचला. पुन्हा वाचला. मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्याकडंही दोनशे वीसच आहे. मला माझ्या मार्गदर्शकांनी सांगितलं होतं." थोडे थांबून, "माझ्या एका विद्यार्थ्यानं दोनशे वीस हीच सर्वोत्तम वेळ का, यावर प्रबंधात एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. छान लिहिलं आहे."

कोणी हसले नाही. मला वाटते, हसावे की नाही ते कोणाला कळले नाही.

"भट्टी बघता येईल?"

बाराला दहा कमी असताना आम्ही सगळे खाली गेलो. अध्यक्ष देवळात शिरावे तसे आत शिरले, म्हणजे दाराशी क्षणभर थांबले. भट्टीच्या विटेला हात लावला. आई उभी राहिली होती, हात पाठीमागे.

"बाई, एकच विचारतो. दोनशे वीस का?"

"तेव्हा तेवढाच वेळ असायचा," आई म्हणाली.

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

"खरंच सांगतायत," मेस्त्री कोपऱ्यातून म्हणाले. "सहाला येऊन भट्टी मी तापवायचो. बाई आठ-दहाला यायच्या, मूस आत. अकरा-पन्नासला बाहेर, नि पळाल्याच. कोणी मध्ये आलं तरी थांबायच्या नाहीत. एकदा संचालक आले होते, त्यांनाही दारात तसंच उभं ठेवून गेल्या. तेव्हापासून तर घड्याळबाई नाव पडलं. बाराला शाळा सुटायची ना, छोटीबाईंची."

आणि त्याच वेळी कुंपणापलीकडे शाळा सुटली. तो सगळा कल्ला खिडकीतून आत आला. आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. चोवीस वर्षांनंतरही तिची मान आपोआप तिकडे वळली.

मी खिडकीकडे गेले, कारण मला कुठेतरी बघायचे होते. उन्हाळ्याचे सहा आठवडे. नोव्हेंबरातले चार दिवस, समासात 'ताप'. माझे तीन अंदाज.

अध्यक्षांनी चष्मा काढला, तो दोरीवर लोंबत राहिला. "म्हणजे माझा विद्यार्थी..." असे सुरू करून थांबले. मग आईला वाकून नमस्कार केला. आई गोंधळली आणि म्हणाली, "अहो, पूड लागेल."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

निर्णयाचा कागद लागला. क्रमांक सतरा: निर्देशांक ७, जागा कायम, भट्टी विटेविटेने नव्या इमारतीत हलवावी. मेस्त्रींनी लगेच खडूने विटांवर आकडे घालायला घेतले. कोणाचाही हात लागू देत नाहीत.

क्रमांक एकोणीस गेले. त्यांचा निर्देशांक अकरा होता, आईपेक्षा चार जास्त. त्यांच्यासाठी कोणी आलेख काढला नाही. दुपारी त्यांच्या दारावरून गेले तर ते खोक्यात पुस्तके भरत होते. साहेबांना म्हटले, गेलेल्या सहांचेही असे काही तपासायला हवे होते. साहेब म्हणाले, "तारीख गेली आता." मग जरा वेळाने, "पुढच्या खेपेला रकाना वाढवू. काय नाव द्यायचं त्याला?"

मला नाव सुचलेले नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

आज सुट्टी. आकडा मनाला लागून राहिला होता, म्हणून सकाळी घड्याळ घेऊन गेले. बालवाडीचे फाटक बंद, रस्ता मोकळा. फाटकापासून वळसा घालून भट्टीच्या खोलीपर्यंत, आईच्या चालीने: आठ मिनिटे. परत: आठ मिनिटे. तीनदा चालले. शाळा आठ ते बारा, म्हणजे २४० मिनिटे. जाऊन-येऊन सोळा वजा केली तर २२४ उरतात.

नोंदवहीत २२० आहेत. चार मिनिटे कुठे गेली?

घरी आले तेव्हा आई खिडकीशी बसून चष्म्याची काच पुसत होती. मी हिशेब सांगितला. तिने तो मनात करून पाहिला आणि मान डोलावली.

"दोन हात धुवायला. पांढरे हात दिसले की तू माझा हात धरायची नाहीस. 'भूत आलं' म्हणायचीस."

"आणि सकाळची दोन?"

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. माझ्याकडे पाहिले नाही.

"तू आत जाताना दोनदा मागं वळून बघायचीस. एकदा पायरीवर, एकदा वर्गाच्या दारात. दुसऱ्यांदा बघशील तेव्हा मी तिथं असायला हवं होतं."

मला हे आठवत नाही. पायरी आठवते, लाल होती. मागे वळल्याचे आठवत नाही. कदाचित मागे वळल्यावर ती प्रत्येक वेळी दिसली, म्हणून.

मी तिच्या हातातले फडके घेतले आणि घडी घातली. मग आत येऊन ही वही उघडली.

आत्ता, या क्षणी, कुठेतरी कोणी अनोळखी माणूस भट्टीसमोर बसून घड्याळाकडे बघत असेल, आणि त्याला वाटत असेल की तो पुडीसाठी थांबला आहे.

२४० − ८ − ८ − २ − २ = २२०.

ताळा जुळला.